शिशीवरची तारीख

चेतनाच्या मॅडमले नमस्कार,

चेतना वर्गात वाचत काहून नाही, असं तुम्ही काल विचारलं. मी म्हटलं, लाजते. खोटं बोलली मी. खरं इथं लिहून राहिली, पण तुमच्या हातात द्यायची हिंमत नाही.

औषध घ्यायच्या आधी शिशीवरची तारीख वाचायची, हे तुम्हीच पोरायले शिकवलं न. मागच्या महिन्यात चेतनाच्या लहान बहिणीले, छोटीले, ताप होता. मी जुनं सिरप काढलं, तं चेतना म्हणे, "मम्मी रुको, इसकी तारीख निकल गई." शिशीवरचं इंग्रजी मले वाचता येत नाही. वाटलं, पोट्टी मले शिकवून राहिली. "लय मॅडम झाली काय?" म्हणून एक थापड मारली आन् छोटीले पाजलं.

उलट्या करू करू छोटी तीन दिवस दवाखान्यात होती. आता बरी आहे. डॉक्टर म्हणे, जुनं औषध कोणं पाजलं? तिच्या पप्पाच्या रागाले मी भेली. म्हटलं, चेतनानं.

तवापासून ती काही वाचतच नाही.

आज पप्पानं पुन्हा विषय काढला. मी खरं सांगायले तोंड उघडलं, तं चेतनाच माह्याकडे पाहून बोलली, "हव पप्पा, मैंने ही पिलाई थी."

आन् मी तोंड मिटून घेतलं.

चेतनाची मम्मी,
पिंकी