सही मागायला आलेले सर

हिंगणघाट, मंगळवार, १२ जून १९७९

त्यांना हवी तशी सही मी दिली नाही. देणारही नव्हतो.

दीड महिन्यापासून आमच्या दवाखान्यात यंत्रदुरुस्ती शिकणाऱ्या सुधाकरनं आज रक्तदाबाचं यंत्र ‘दुरुस्त’ म्हणून वॉर्डात पाठवलं. पट्ट्यात हवा नसताना पारा शून्यावर हवा. हा दोन रेघा वर. माझा नियम एकच आहे, दुरुस्त केलेला पट्टा आधी आपल्या दंडाला बांधायचा, मग रोग्याच्या. त्यानं बांधलाच नाही. सिस्टरबाईंनी यंत्र परत आणलं तेव्हा कळलं.

संध्याकाळी त्याच्या कॉलेजचे सर, काम शिकून झाल्याची माझी सही घ्यायला, वही घेऊन हजर.

"मिस्त्री, दोन रेघांनी कोणी मरत नाई. पोराचं वर्ष काऊन खराब करून राह्यले? मारा सही."

"त्याच दोन रेघा पाहून डॉक्टर गोळी लिहिते, सर."

"तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकले? तुमच्या सहीची किंमत ती काय?"

"किंमत नाई, तर मागाले काऊन आले?"

सरांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी जास्तच कडक वागलो का? पोराचा हात खरंच चांगला आहे. पण दोन रेघा म्हणजे दोन रेघा, त्या माझ्या दयेनं खाली येत नाहीत.

शेवटी वहीत लिहिलं: ‘हात चांगला. तपासायची सवय नाही. आणखी पंधरा दिवस माझ्याकडे ठेवावा.’ त्याखाली माझं पूर्ण नाव. शिक्षणाच्या रकान्यात ‘काही नाही’. हुद्द्याच्या रकान्यात ‘मिस्त्री’, ठळक अक्षरात.

आता फाडा म्हणावं ते पान.