आईच्या वजनातला कडता

बाबा, परवा दवाखान्यात नर्सबाईनं माझं वजन केलं, आकडा सांगितला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पूर्ण सांगितलात ना?" ती पोरगी हसायला लागली. तिला काय सांगणार, की माझे वडील दिग्रसच्या कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होते, आणि त्यांनी एकदा माझ्या आईचंच वजन चुकीचं सांगितलं म्हणून? हसू मलाही आलं, पण घरी येईपर्यंत ते टिकलं नाही.

त्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली होती आणि अंगावरून जाणं थांबत नव्हतं. चार पावलं चालली की ती धापा टाकायची. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "गाठ काढावीच लागेल. पण एवढ्या वजनाला मी भूल देणार नाही, हृदय झेपणार नाही. आधी दहा किलो उतरवा. मे महिन्यात माझी बदली आहे, त्याच्या आत या." त्यांच्यानंतर कोण येईल, येईल की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. नागपूर आपल्या आवाक्यातलं नव्हतं. आणि नवस बोलून मन हलकं करायची सोय आपल्या घरात छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून उरली नव्हती. जे काय करायचं ते आईलाच करायचं होतं.

पण आई पडली गोडखाऊ. जेवणावर गुळाचा खडा पडला नाही तर जेवण झालं असं तिला वाटतच नसे. ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, गोड सोडलं तं मी गाठीच्या आधीच मरीन." बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खणातून कागदात गुंडाळलेली एक काळी वडी काढली. मुंबईहून त्यांचा भाऊ पाठवायचा. "हे चॉकलेट. साखर अगदी थोडी आहे. रात्रीच्या जेवणानंतर एक तुकडा, चावायचा नाही, जिभेवर विरघळू द्यायचा. हे औषध नाही, चैनच आहे. पण सगळीच चैन बंद केलीत तर आठ दिवसांत पातेलंभर शिरा खाल." आईनं तिथंच चाखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हे तं कडू जहर व्हय!"

आणि तीच आई महिन्याभरात त्या कडू जहराची वाट पाहायला लागते. अर्धी भाकर, अंबाडीची भाजी, पाण्यासारखं वरण. मग भिंतीला टेकून ती डोळे मिटते. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. मी भांडं आपटलं तर एक डोळा उघडून बघते. "थांब वं, आता कुठं गोड येऊन राह्यलं," म्हणते. इतकं मन लावून खाताना मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पूर्वी ती आम्हाला वाढता वाढता उभ्यानं खायची आणि किती खाल्लं हे तिचं तिलाच कळत नसे. होळीनंतर ऊन तापलं तेव्हा वडी वितळायला लागली, तर तुम्ही ती डबीत घालून डबी माठाच्या पाण्यात सोडलीत. स्वतः तोंडाला लावली नाहीत. "मले नाई समजत त्यातलं," म्हणायचात.

दर रविवारी जिन बंद असताना तुम्ही आईला तिथल्या मोठ्या काट्यावर उभं करायचात. ती पदर आवळून, लाजेनं अर्धमेली होऊन चढायची, आणि चौकीदार पाठ फिरवून बिडी ओढायचा. तुम्ही आकडा पुकारायचात, माल आल्यासारखा, मोठ्यानं. आकडा उतरत होता. एका रविवारी तुम्ही म्हणालात, "झालं! उतरले दहा!" आईचा चेहरा मी अजून विसरले नाही.

यवतमाळच्या काट्यानं मात्र तसं म्हटलं नाही. बाईंनी दोनदा वजन केलं आणि मान हलवली. "अजून बरंच बाकी आहे." तुम्ही तावातावानं म्हणालात, "जिनचा काटा आहे बाई, तो खोटं नाई बोलत." आई तुमच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काटा नाई बोलत. तुमी कडता कापला काय?"

तुमचा चेहरा उतरला आणि मला उत्तर मिळालं. ओल आणि बारदान्याच्या नावाखाली मालाच्या वजनातून थोडं कापायचं, हा जिनचा रिवाज. त्यालाच कडता म्हणायचे. तुमच्या जिभेला इतकं वळण पडलं होतं की आकडा ओठावर येईपर्यंत कडता वजा झालेला असायचा. एरवी तुम्हाला खोटं पचत नसे, पण रिवाज तुम्हाला कधी खोटा वाटलाच नव्हता.

"माह्या बापाच्या गाडीले कापत होते," आई म्हणाली, "आता मलेही कापलं." घरी आली, चूल पेटवली, शिरा केला आणि उभ्यानं कढईतूनच खाल्ला. ती तुमच्याशी बोलेना. डबी माठात तशीच पडून. अंगावरून जाणं वाढलं, ओठ पांढरे पडले, मे जवळ येत होता, आणि तुम्ही ओट्यावर डोकं धरून बसलेले. मला तुमचा संताप यायचा आणि कीवही यायची. ती अशीच बसून राहिली तर मरणार, एवढं मला सोळाव्या वर्षीही कळत होतं.

आणि एका सकाळी ती स्वतःच म्हणाली, "चला, काट्यावर." त्या दिवसापासून आकडा तुम्ही वाचला नाहीत, मला वाचायला लावलंत. दहा किलो खरोखरच उतरले, आणि बदलीच्या आदल्या आठवड्यात बाईंनी गाठ काढली. आई वाचली. तुमच्या मागंही ती कितीतरी वर्षं जगली, आणि तुम्ही होतात तोवर ती तुम्हाला कधी वावगा शब्द बोलली नाही. तुम्ही मला एकदा विचारलंत, "तुही माय एकाएकी कशी निवली वं?" मी म्हटलं, "मले काय मालूम?"

मला मालूम होतं. आदल्या रात्री मी तिच्या उशाशी बसून सांगितलं होतं, "बाबानं मुद्दाम कमी सांगतलं माय. तुहा धीर खचू नये म्हून. मले म्हणे, तिले सांगू नको." तिनं कूस वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "खरंच?" आणि उठून माठातली डबी काढली.

तुम्हाला हे सांगितलं असतं, तर तुम्ही तसेच अनवाणी आत जाऊन म्हणाला असतात, "नाई वं, सवयीनं निंगालं तोंडातून." आई गेली ती हेच मनात धरून गेली, की हा माणूस जन्मात एकदाच खोटं बोलला, आणि ते आपल्यासाठी. आपण काही वरच्या जगावर भरवसा ठेवणारी माणसं नाही. पण न जाणो, ती तिथं तुमच्याजवळच बसलेली असेल, आणि तुमच्या पोटात तर काही राहत नाही. म्हणून बाबा, हे पत्र मी तुम्हाला पाठवत नाही.