हुक लावण्याआधी

३ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लांबलं, कारण मध्येच पत्ता बदलला, आणि पत्ता बदलला कारण नोकरी गेली. आधी आईला बसवा, मग पुढचं वाचा.

अपघातातल्या गाड्या ओढून आणणाऱ्या इथल्या सगळ्यात मोठ्या यार्डात मी होते, हे लिहिलं होतंच. गेटजवळच्या खिडकीत बसायचं आणि पावत्या फाडायच्या. समोर चाळीसेक चेपलेल्या गाड्या ओळीनं उभ्या. एकीच्या डिकीत टोमॅटोचं रोप उगवलं होतं, त्याला मी रोज पाणी घालायचे. दोन टोमॅटो धरलेसुद्धा. असो.

बाबा, तुम्ही गाडी ओढायला हुक लावण्याआधी तिच्यातलं सगळं सामान तिच्या मालकाच्या हातात देता ना, मला वाटायचं सगळीकडे तसंच असतं. इथं उलटं. माणूस रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसलेला असतो, तेव्हाच त्याची कोऱ्या कागदावर सही घेतात. गाडी यार्डात शिरली की रोजचं भाडं सुरू. ते चढत राहावं म्हणून खिडकी शनिवारी दुपारीच बंद. स्वतःच्या गाडीतली पिशवी काढायची, तरी आधी सगळं बिल भरा म्हणतात.

गेल्या आठवड्यात एक शिंपीणबाई आल्या, हात प्लास्टरमध्ये. त्यांच्या व्हॅनमध्ये शिवून तयार झालेले शाळेचे गणवेश आणि त्यांची कात्री. शाळा सोमवारी उघडणार. यार्डाचे मालक म्हणाले, पैसे आणा, कपडे न्या. बाई म्हणाल्या, कपडे पोचल्याशिवाय पैसे येणार कुठून. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या फुटक्या काचेतून गठ्ठा काढून दिला. कात्रीही दिली. संध्याकाळी मालकांनी मला गेट दाखवलं.

काळजी नको, बेकरीत काम मिळालंय. रागवायचं असेल तर आईमार्फत रागवा, म्हणजे जरा गाळून येईल.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
भिंगरी


११ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

वर्षातली तिसरी नोकरी गेली. रागवायला बसलो होतो, पण खोड माझीच निघाली, त्यामुळे पंचाईत झाली.

इथं वेगळंच चाललंय. अपघातानंतर गाडी उचलायचे आणि ठेवून घ्यायचे दर आता सरकार बांधून देणार आहे. वीस तारखेला परिवहन कार्यालयात सुनावणी आहे, आम्हा टोइंगवाल्यांना म्हणणं मांडायला बोलावलंय. आमच्या संघटनेनं ठरवलं की सगळ्यांनी एका सुरात सांगायचं, या धंद्यात दर बांधता येत नाहीत. अध्यक्षांच्या आठ गाड्या. अपघाताचा फोन त्यांच्याकडे येतो, कुणाला पाठवायचं ते तेच ठरवतात. वेगळं बोलेल त्याची पाळी येणार नाही, हे त्यांनी चहा पाजत समजावलं. माझी गाडी एकच, आणि घर तिच्यावरच चालतं, हे तुला सांगायला नको.

म्हणून सांगून आलो की वीस तारखेला मला ताप असेल. तेव्हापासून तुझी आई जेवायला वाढलंय, यापलीकडे माझ्याशी बोलत नाही.

त्यात तुझं पत्र आलं. आता तो ताप टिकेल असं दिसत नाही. त्या खिडकीतून जे पाहिलंस ते नीट कागदावर लिही, खाली सही कर आणि पाठव. वाचेन की नाही, आत्ता शब्द देत नाही. टोमॅटोचं पुढे काय झालं, एवढं मात्र आई विचारते.

वेळेवर जेवत जा, एवढं ऐक.
बाबा


१५ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कागद सोबत आहे. त्यावर पीठ सांडलं, त्याकडे बघू नका. खाली शिंपीणबाईंचीही सही आहे, डाव्या हातानं केलेली, म्हणून मुंगी पळाल्यासारखी दिसते.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. बाई येण्याआधी दोन महिने त्या खिडकीत मीच होते. शनिवारी दुपारी पडदा ओढून आत बसायचे, कुणी टकटक केली की श्वास धरायचे. मालकांनी सांगितलं होतं खरं, पण बसले मीच. एक आजोबा उन्हात तासभर थांबून परत गेले. सोमवारी आले, तेव्हा दोन दिवसांचं जादा भाडं त्यांच्या पावतीवर मीच चढवलं. तेही कागदात लिहिलंय. ते वगळलं तर बाकीचं खरं कोण मानेल?

तुम्ही वाचलंत तर मी काय केलं ते चारचौघांत कळेल, शिवाय तुमची पाळी जाईल. फाडून टाकलंत तरी मी काही म्हणणार नाही. टोमॅटो बहुतेक मालकांनी खाल्ले.

पाठीवर हात असू द्या.
भिंगरी


२९ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ताप आला नाही. तुझ्या आईनं इस्त्रीचा शर्ट दारावर अडकवून ठेवला होता, त्याला यायची सोयच नव्हती.

अध्यक्ष बोलले, बाकीच्यांनी माना हलवल्या. मग मी उठलो. गाडी ठेवून घ्यायला खरा खर्च किती येतो, काय दर परवडतो, सगळं चिठ्ठीवर नेलं होतं, ते वाचलं. अधिकारी बाईंनी विचारलं, भर रस्त्यात सामान काढून द्यायला वेळ असतो का. म्हटलं, सहा मिनिटं लागतात, घड्याळ लावा. त्या खरंच खाली आल्या, आणि मी त्यांच्याच कार्यालयाची जीप रिकामी करून दाखवली. सव्वापाच लागली. आतून तीन छत्र्या निघाल्या आणि शिपाई महिनाभर शोधत होता तो डबा निघाला. मग वर जाऊन तुझा कागद वाचला.

नियमांचा मसुदा काल लागला. सामान त्याच दिवशी, फुकट द्यायचं. खिडकी बंद असेल त्या दिवसाचं भाडं नाही. कोऱ्या कागदावर सही नाही. दोन महिन्यांनी फोनही सरकारी कक्षातून पाळीनं येणार. तोवर ते अध्यक्षांच्या हातात, आणि नऊ दिवसांत मला एकही आला नाही. माझ्यामागून आणखी दोघे एका गाडीचे मालक उठून बोलले, त्यांचीही तीच गत. रोज सकाळी तिघं मिळून गाड्या धुतो. इतक्या चकचकीत त्या नव्या असतानाही नव्हत्या. दोन महिने ओढाताण होईल, ती काढू. तू बेकरी सोडू नकोस.

तुझ्या कागदातल्या पडद्याच्या ओळीपाशी आवाज जाईल असं वाटलं होतं. नाही गेला. अध्यक्षांनी मागून हसत विचारलं, ही पडद्याआड बसणारी कुणाची पोर. तोवरचं बहुतेक सगळं मी चिठ्ठीत बघून बोललो होतो. याला चिठ्ठी लागली नाही. चष्मा काढला, मागे वळलो आणि सांगितलं, माझी आहे.

सवड होईल तशा दोन ओळी टाकत जा, आम्हा दोघांना तेवढं पुरतं.
बाबा