सगळ्या बायकांची एक तारीख

आई, तुझी मुलगी आता सरकारी संशोधनाच्या पैशातून नर्सबायांच्या हातात टॅब्लेट देते. हे तुझ्या हयातीत कोणी सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, "दे बाई, पण त्याला वीज कुठून आणायची तेही सांग." तुला जाऊन वीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुला काही लिहावंसं वाटलं नाही, आणि आता वाटतंय तेही तक्रार घेऊन. तक्रार माझ्याबद्दलच आहे.

तू रानशेतजवळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होतीस; त्या उपकेंद्रामागच्या आपल्या दोन खोल्या मला अजून जशाच्या तशा दिसतात. स्वयंपाकघरात दोन स्टोव्ह. एकावर भात, दुसऱ्यावर काचेच्या सिरिंजा उकळताहेत, आणि चुकून तुझा तो सिरिंजांचा डबा मी भांड्यांत ठेवला की तू घर डोक्यावर घ्यायचीस. मी सातवीत होते. तुझं अक्षर कोणाला लागत नसे, म्हणून महिनाअखेरीला गरोदर बायकांचं रजिस्टर मी उतरवून द्यायचे. शेवटच्या पाळीच्या तारखेचा एक रकाना असायचा. त्यावरून बाळंतपणाचा अंदाज काढायचा. एका बाईच्या नावापुढे तो रिकामा होता. पान नीटनेटकं दिसावं म्हणून मी तिथे त्या महिन्याची एक तारीख टाकून दिली. तू कांदा चिरत होतीस. पान बघितलंस आणि ओल्या हातानेच माझ्या मनगटावर फटका दिलास. तू कधी मारायची नाहीस, म्हणून तो लक्षात राहिला. "रिकामं होतं ते रिकामंच ठेवायचं," तू म्हणालीस. "रिकामं दिसलं की मला परत जावं लागतं. आता भरलंस, आता कोण जाणार तिच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तू पाड्यावर गेलीस. ती बाई अंगणात नागली पाखडत होती. तू तिच्यासमोर फतकल मारून बसतेस, सूप तिच्या हातातून घेतेस, आणि पाखडता पाखडता विचारतेस, "पाळी चुकली तवा शेतावर काय चाललं होतं गं?" ती लाजते. "तारीख काय ठाव नाय बाय." "तारीख कोण मागतंय? शेताचं सांग." "नागली लावीत होतो." "सगळी लावून झालेली?" "अर्धी. दुसऱ्या दिशी बाजार होता. पोटात दुखायचं म्हणून मी नाय गेली, सासू गेली." तू बोटांवर काहीतरी मोजलंस, घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात बाजाराचा वार शोधलास आणि तारीख लिहिलीस, तीही पेन्सिलने. मला तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशा आकड्यासाठी केवढी ही पायपीट!

२०१६ साली आमचं टॅब्लेटचं काम डहाणू आणि तलासरी तालुक्यांत सुरू झालं. मला कोण अभिमान वाटला होता! दिल्लीत एक समिती बसली होती. आरोग्याच्या डिजिटल तंत्रज्ञानात देशाची ताकद कशात आहे आणि पुढची काही वर्षं संशोधनाचा पैसा कशावर लावायचा, हे तिने ठरवायचं होतं. प्रत्येकाकडून एकेक टिपण मागवलं होतं. मीही झोकात लिहिलं: हुशार सॉफ्टवेअरवाले, स्वस्त उपकरणं आणि जगात कोणाकडे नसेल एवढी माहिती. पुरावा म्हणून आपल्याच पाड्यांची माहिती जोडली. तिच्यात एकही रकाना रिकामा नव्हता. समितीतले लोक खूश झाले. आणखी जिल्ह्यांत काम वाढवायचा प्रस्ताव आणा म्हणाले.

प्रस्तावाच्या तयारीसाठी मी तलासरीकडे गेले, तेव्हा तिथल्या नर्सने मला चहा दिला आणि सहज म्हणाली, "मॅडम, एक विचारू? ही एवढी एक तारीख कशी काय आली, तुमच्या साहेबलोकांनी इचारलं नाय?" मला कळेना. तिने टॅब्लेट उघडून दाखवला. पाड्यामागून पाडा, निम्म्याहून जास्त बायकांची पाळी कुठल्या ना कुठल्या महिन्याच्या एक तारखेला. "तारीख टाकल्याबिगर तो पुढं सरकतच नाय. बाई म्हणते पावसात कवातरी. मग महिना अंदाजानं धरून आम्ही टाकतो एक." तारखेचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही, ही अट, आई, मीच घातली होती. माहिती पूर्ण हवी म्हणून.

मग तिने बाकीचं सांगितलं. दिवाळीनंतर गुजरातेत वीटभट्टीवर गेलेल्या एका बाईला अशाच तारखेच्या हिशोबाने फोनवर निरोप गेला होता, अजून महिना आहे. ती निवांत राहिली. कळा सुरू झाल्यावर घरच्यांनी तिला टेम्पोत घालून गावाकडे आणायला घेतलं आणि राज्याच्या सीमेवर, अच्छाडच्या नाक्यावर, ट्रकांच्या रांगेत, ती बाळंत झाली. ढाब्यावरच्या बाईने आपलं लुगडं फाडून पोरीला गुंडाळलं. "वाचल्या दोघी. देवाची कृपा," नर्स म्हणाली आणि माझ्याकडे बघून चटकन पुढे म्हणाली, "तुमचा काय दोष नाय मॅडम, चहा घ्या." मला तू हवी होतीस, ओरडायला तरी.

दिल्लीला गेले आणि सगळं सांगितलं. आमची भरलेली माहिती निम्मी खोटी आहे, सक्ती माझी होती, आणि आपली खरी ताकद सूप हातात घेऊन विचारणाऱ्या बायकांमध्ये आहे, पैसा तिथे लावा, असंही म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वागले नाहीत. अंतिम यादीत सॉफ्टवेअर पहिलं राहिलं, नर्सबाया शेवटच्या पानावर "पूरक घटक" म्हणून आल्या, आणि आमच्या कामाची वाढ थांबली. पण अट काढणं माझ्या हातात होतं, ती काढली. आता तारीख नसेल तर रकाना रिकामा राहतो, आणि आठवड्याला नर्सला यादी जाते, कोणाकडे परत जायचं त्याची. टॅब्लेटमध्ये शेतकामाचे आणि बाजाराच्या वारांचे प्रश्नही घातलेत. नर्सबाया म्हणतात, बरं झालं. तुला हे सांगताना मला आनंद होतोय, खोटं कशाला बोलू?

एवढंच सांगून थांबले असते तर पत्र बरं झालं असतं, आणि कदाचित ते मी कोणाला दाखवलंही असतं. पण एक राहिलंय. नाक्यावर जन्मलेली ती पोर आता दोन वर्षांची असेल. तिच्या आईचा पाडा, घर, घराकडे जाणारी वाट, सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. ती वाट जिथे फुटते त्या फाट्यावरून मी गाडीने चारदा गेले. चारही वेळा ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, आत जायचं का?" आणि मी म्हटलं, पुढच्या खेपेला.