घरातलं मत

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते खाली वाच.

फोन लागत नाही म्हणून तू काळजीत असशील. सकाळपासून लोक शिव्या द्यायलाच फोन करतात, म्हणून तो बंद करून कपाटात टाकला आहे. तसंही फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, तेव्हा पत्रच बरं.

टीव्हीवर पाहिलंच असशील. यांनी पक्ष सोडला. नुसता सोडला नाही, भर सभागृहात उठून समोरच्या बाकांवर जाऊन बसले. ज्यांच्याविरुद्ध घसा फुटेस्तोवर भाषणं केली, त्यांच्याच मांडीला मांडी लावून. मला कसं कळलं विचारशील तर, तुला कळलं तसंच. दवाखान्यात मी पेशंटांचे नंबर लावत होते आणि भिंतीवरचा टीव्ही चालू होता. नुकतीच दाढ काढलेला एक माणूस तोंडात कापूस धरून बसला होता. हे चालत पलीकडे गेले तसा तो उठला, पडद्याकडे बोट केलं आणि कापसातूनच काहीतरी बोलला. शब्द कुणाला कळले नाहीत, अर्थ मात्र सगळ्यांना कळला. मग शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच बाहेर येऊन टीव्ही बंद केला.

संध्याकाळी घरी आल्यावर यांनी मला सांगितलं की विरोधात बसून नदीपलीकडचं हॉस्पिटल या जन्मी होणार नाही, तिकडे गेलं तर होईल. पत्रकारांना सांगितलं होतं, अगदी तेच शब्द. मी मान डोलावली आणि जेवायला वाढलं.

आता तुलाच सांगते, कुणाला बोलू नकोस. मला आतून बरं वाटलं. लग्न झाल्यापासून मी हा माणूस गावाबरोबर वाटून घेते आहे. कोणत्या गल्लीत कुणाच्या मुलीचं लग्न अडलंय, कुणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन झालंय, सगळं यांना तोंडपाठ. आणि मी चहात साखर घेते का, ते अजून विचारतात. आता गावाला ते नकोसे झालेत. मग उरले ते माझेच ना?

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ कमी करू नकोस. सध्या आमच्या दारी त्याचा फार तुटवडा आहे.

तुझी,
धाकटी


ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. पत्र दुकानातच वाचलं, चष्म्याच्या काउंटरवर उभ्याने.

तुमचं गाव तर रागावलंच असेल, पण इथेही काही कमी नाही. काल एका गिऱ्हाइकाला नवा नंबर तपासायला पेपर वाचायला दिला. त्यात नेमका तुझ्या नवऱ्याचा फोटो. गृहस्थ इतके तापले की अक्षरं दिसतात का ते सांगायचंच राहिलं. मी विचारलं तर म्हणाले, नको ते स्वच्छ दिसतंय. मी नातं सांगितलं नाही. एरवी मी ते न विचारता सांगत असे, म्हणून हे तुला कळवते.

आता तू एक सांगितलंस, तर मीही सांगते. तो निवडून आला त्या दिवशी तुझा त्याच्या शेजारी हातात फुलं घेतलेला फोटो छापून आला होता. मी तो पेपर काउंटरवर पालथा घातला. पोटात दुखलं, दुसरं काय. माझा नवरा घरी समोर आणि दुकानात शेजारी. दिवसभर काचा पुसतो आणि शिंकण्याआधी मला सांगतो. तुझा नवरा भिंतीभिंतीवर आणि माझा खुर्चीवर, असं मी कित्येक वर्षं मनात म्हणत आले. आणि तू तिकडे माझ्या खुर्चीवरच्यावर डोळा ठेवून बसलेलीस. दोघी शहाण्याच आपण.

पण तो उरला म्हणजे तुझाच झाला, या हिशेबावर माझा विश्वास नाही. गावाला त्याने विचारलं नाही म्हणून गाव चिडलंय. तुला विचारलं होतं का? त्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही.

तब्येत सांभाळ. माझी माया पूर्वीइतकीच, फोटोचं विसरून जा.

तुझी,
ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझा प्रश्न मी वाचला आणि पत्र उशीखाली ठेवलं. उत्तर तुला माहीत आहे. नाही विचारलं.

हे आता दिवसभर घरात असतात. जिची इतकी वाट पाहिली ती ही गोष्ट. पण काय सांगू, ते घरात असतात म्हणजे फाटकापाशी असतात. खुर्ची खिडकीकडे वळवून बसतात. फाटक वाजलं की मान वर होते. दूधवाला असला की खाली जाते. पूर्वी पुढच्या खोलीत चपलांचा ढीग असायचा आणि मी तो लाथाडत आत यायचे. परवा यांनी मला विचारलं, आज कुणीच आलं नाही का? मी समोर उभी होते, ताई.

आणि मग काल ऑफिसच्या बाई आल्या. तुला आठवत असतील, पहिल्या निवडणुकीपासून यांचं ऑफिस सांभाळणाऱ्या, जाड भिंगांच्या. तू मागे म्हणाली होतीस की त्यांची फ्रेम बदलायला हवी. त्या बाईंचा मी किती वर्षं राग केला ते माझं मला ठाऊक. यांच्या गोळ्यांची वेळ त्यांना माहीत, कोणता सदरा कुठे फाटलाय ते त्यांना माहीत. मला वाटायचं, पक्ष सोडायचं तरी त्यांना आधी सांगितलं असणार. तर तसं नव्हतं. त्यांनाही टीव्हीवरच कळलं.

त्यांनी ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि उभ्याउभ्या यांना असं काही सुनावलं की मी दारातच थिजले. म्हणाल्या, मी उन्हातान्हात दारोदार फिरून तुमच्या नावाने शब्द दिलाय, तो माझा शब्द होता, तो तुम्ही कुणाला विचारून मोडलात? आवाज चढलेला. आणि हे ऐकत राहिले. मग डोळ्यांवर हात धरून रडले. माझ्यासमोर हा माणूस कधी रडला नाही, माझे सासरे गेले तेव्हाही नाही.

मला बाईंचं वाईट वाटायला हवं होतं. यांचं वाटायला हवं होतं. मला हेवा वाटला. इतक्या हक्काने त्या रागावल्या, जणू हे त्यांचेच कुणी असावेत. त्या गेल्यावर मी किल्ल्या उचलून ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि तो जरा जोरातच लावला.

रागावू नकोस, तूच एक ऐकून घेणारी. आहे तशीच राहा माझ्यासाठी.

तुझी,
धाकटी


ता. २६ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. थोडक्यात लिहिते, नवीन फ्रेमांचा माल आलाय आणि तुझे भावोजी तो उलटा मांडतायत.

तू नवऱ्यावर शेवटची कधी रागावलीस ते आठवून पाहा. ड्रॉवर आपटणं धरू नकोस. मी रोज रागावते. शटर अर्धं ओढण्यावरून, पंख्यावरून, त्यांनी गिऱ्हाइकाला फुकट दिलेल्या चष्म्याच्या दोरीवरून. तेही बोलतात. तू मात्र लग्नापासून पाहुण्यासारखी वागतेस, साहेब दमून आलेत, साहेबांना कशाला सांगा. मग पाहुण्याला कोण विचारायला बसलंय? त्या बाईंचा हेवा करायचं सोड आणि त्यांनी केलं ते कर. मतदार तर तूही आहेस.

बोचलं तर बोचू दे. दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं असं, यावरून काय ते समज.

तुझी,
ताई


ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. घाईत लिहिते, अक्षर लावून घे.

यांनी शेवटी लोकांना तोंड द्यायचं ठरवलं. शाळेच्या सभागृहात रविवारी सगळ्यांना बोलावलं. कुणीही यावं, काहीही विचारावं. मी घरीच थांबावं, उगाच कुणी बोललं तर मला त्रास, असं यांचं म्हणणं. मी बरं म्हटलं, आणि हे गेल्यावर साडी बदलून मागून गेले.

सभागृह खच्चून भरलेलं. खाली मधोमध एक माईक आणि त्याच्यापुढे रांग. मी रांगेत उभी राहिले. पुढे एक रिक्षावाला होता, त्याने यांचं पत्रक सगळ्यांसमोर फाडलं. एक म्हातारेबुवा तर नुसतेच माईकपाशी उभे राहिले. बोलवेना, म्हणून परत गेले. प्रत्येकाला हे हॉस्पिटलचंच सांगत होते. लोक म्हणत होते, हॉस्पिटल हवंच आहे, पण आमच्या मतावर निवडून येऊन आमच्या पाठीमागे सौदा कशाला?

मग माझी पाळी आली. यांनी वर पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला. मी म्हटलं, "मीही तुम्हाला मत दिलंय. जाण्याआधी तुम्ही मला का नाही विचारलंत?"

मागे कुणीतरी हसलं. हे मंचावरच्या माईकपाशी आले. मग म्हणाले, "तू नको म्हणाली असतीस. आणि मग माझ्याच्याने गेलं नसतं."

माईक चालू होता. सगळ्या गावाने ऐकलं. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात जवळचं वाक्य, आणि ते स्वयंपाकघरात नाही, चारचौघांत, उसन्या माईकवर. तिथेही वाटून घ्यावंच लागलं. मला आनंद झाला की संताप आला, ते अजून ठरलेलं नाही. मी तशीच उभी राहिले, तर मागची बाई म्हणाली, झालं असेल तर सरका, आम्हालाही विचारायचंय.

शेवटी यांनी जाहीर केलं की जागेचा राजीनामा देतो आणि पुन्हा मत मागायला येतो. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. घरी येताना आम्ही बरोबर चालत आलो. बोललो नाही, पण बरोबर आलो.

तुझं मागचं पत्र बोचलं होतं. तशीच लिहीत जा.

तुझी,
धाकटी


ता. २१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पोटनिवडणुकीचा निकाल कळलाच असेल. हे पडले, आणि चांगलेच आपटले. ज्या गल्लीने पूर्वी डोळे मिटून मतं दिली तिथेही दुसराच पुढे. ऑफिसच्या बाई आल्या होत्या. मी तुमच्याविरुद्ध मत दिलं, हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून स्वतः सांगायला आले, असं म्हणाल्या. यांनी त्यांना बसवलं. चहा मी केला. जाताना मी फाटकापर्यंत सोडायला गेले, आणि फ्रेमचंही सांगितलं. येतील तुझ्याकडे.

त्या गेल्यावर हे स्वयंपाकघरात आले. ओट्याला टेकून उभे राहिले आणि विचारलं, तू कुणाला दिलंस? इतक्या निवडणुका झाल्या, पण हा प्रश्न यांना कधी पडला नव्हता. मी भांडी विसळत होते. खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, तुम्हाला नाही दिलं.

ताई, ते रागावले. बायको असून, म्हणाले. मी म्हटलं, बायको म्हणून नाही, गावातली म्हणून. ते म्हणाले, मग गावातल्यांनी काय कमी केलं होतं, तू कशाला भर घातलीस? मी नळ बंद केला आणि लग्नापासूनचं सगळं काढलं. साखर काढली, चपला काढल्या, टीव्ही काढला, तो कापूसवाला पेशंटसुद्धा काढला. त्यांनीही माझं काढलं. मी कधीच काही मागितलं नाही हे त्यांना किती वर्षं खुपत होतं, ते मला त्या दिवशी कळलं. शेजारच्यांनी त्यांची खिडकी लावून घेतली.

आता चार दिवस झाले, अबोला धरलाय. हजारोंनी मतं गेली, त्यांच्याबद्दल हे म्हणतात की लोकांचा हक्क आहे, चुकलं माझंच. माझ्या एका मतावरून मात्र फुगून बसलेत. जेवताना मान खाली, पण मधूनच चोरून बघतात, मी अजून चिडलेय का ते. खिडकीकडची खुर्ची रिकामीच असते. मी अजिबात आधी बोलणार नाही. इतकं छान मला कधी वाटलं नव्हतं.

तुझ्या खुर्चीवरच्यांना नमस्कार. त्यांच्याशी आज भांडलीस का ते कळव, आणि आपली माया दोघींत अशीच नांदू दे.

तुझी,
धाकटी