सात वाजताची पट्टी

भद्रावती, मंगळवार, संध्याकाळ

आज डिशवाला भाड्याचा एचडी बॉक्स लावून गेला. "जुना देऊन टाका, बाई. उद्या पुन्हा काही बदललं तर कंपनीच नवा देते. विकत काऊन घेता?" हेच मी यांना तेव्हा सांगितलं होतं. ऐकलं नाही. "भाड्याची वस्तू आपली नसते वो, मास्तरीणबाई," म्हणाले आणि विकत आणला. आता नव्या प्रक्षेपणातली निम्मी चॅनेलं त्यावर दिसत नाहीत. म्हणजे माझंच बरोबर होतं. पण ते ऐकवू कोणाला?

त्या बॉक्समध्ये यांनी आठवण लावून ठेवली होती. रोज सातला पडद्यावर पट्टी यायची, 'बातम्या'. "तुम्हाला घड्याळ दिसत नाही का?" मी चिडायचे. हे वारल्यावरही वर्षभर ती पट्टी येत राहिली. मी चिडत राहिले.

जुना दिला नाही. विकतचा आहे, मागायचा हक्क कोणाला? कपाटात ठेवलाय. पण तिथे पट्टी कशी येणार?

आत्ता घड्याळ पाहिलं. साडेसात. बातम्या चुकल्या.