पाठीवरचा तुकडा

१० एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कातडीच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. कुष्ठरोगाचं काही सापडलं नाही. आई आज पोटभर जेवली. डॉक्टर माझा शाळासोबती, त्याला मी आधीच बजावलं होतं की लग्न ठरलेल्या मुलीच्या गालावर टाका नको. म्हणून त्याने पाठीवरच्या पुरळाचा तुकडा घेतला, कपड्याखाली झाकेल असा. आहे की नाही तुझा भाऊ हुशार? गालावरच्या डागाला मलम लाव आणि शिवणकारखान्यात दांड्या मारू नकोस.

आम्हा सर्वांचा लोभ आहेच.

दादा

२ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

मलमाच्या डब्या संपल्या, डाग पसरला. गेल्या महिन्यात कॉलरला हातशिलाई घालताना सुई करंगळीत घुसली आणि मला कळलंच नाही. कापडावर रक्त बघून शेजारची ओरडली. उजव्या हाताची ती करंगळी आता सरळ होत नाही.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी गालावर कापूस फिरवला, तोही कळला नाही. कोपरामागची नस चाचपली, ती जाड झालीय. मग आधीचा तुकडा कुठून घेतला होता, असं विचारलं. मी पाठ दाखवली. तुकडा डागाचाच घ्यायचा असतो, तोही वाढत्या कडेचा. तुम्ही घामोळं तपासलंत आणि ते घामोळंच निघालं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी गालावरच्या डागाच्या कडेचा तुकडा घेतला. त्यात जंतू दिसले. कुष्ठरोगच आहे. तो गोळ्यांनी बरा होईल, करंगळीची खात्री नाही.

दादा, मला तुझा भयंकर राग आलाय. गाल माझा, हात माझा, आणि कापायचं कुठे ते तुम्ही दोघांनी चहा पिता पिता ठरवलंत. मला विचारलं असतंस तर मी गाल पुढे केला असता.

लोभ असावा असं लिहवत नाही.

धाकटी

९ सप्टेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लगेच फाडून टाकलं. आईला काही सांगितलेलं नाही. तूही होणाऱ्या जावईबापूंना कळवू नकोस. तुला कावीळ झालीय असं सांगून मी लग्न पुढे ढकलतो. तोवर गालावरचा टाकाही बुजेल. जे केलं ते तुझ्या भल्यासाठीच ना?

राग सोड, लोभ कमी करू नकोस.

दादा

१५ सप्टेंबर

ती. दादास,

नमस्कार या वेळी फक्त आईला.

तुझ्या जावईबापूंना मी स्वतःच सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंना भेटायला येतो म्हणालेत. येतील किंवा येणार नाहीत. तुझी कावीळ तुझ्यापाशी ठेव. मी डाव्या हाताने शिवायला शिकतेय. टाके वेडेवाकडे पडतात, मुकादम चिडतो, मीही चिडते.

आता महत्त्वाचं. तुझ्या त्या रिपोर्टवर विसंबून मी औषधाविना इतके महिने घरी येत-जात राहिले, आईला बिलगून झोपले. घरातल्या सगळ्यांना तपासायला हवं, असं बाईंनी सांगितलंय. आईला मी आजच वेगळं पत्र टाकलंय. रविवारी सगळ्यांना घेऊन ये. कपडे उतरवून उजेडात उभं राहायचं आहे, तूसुद्धा. आणि कुठे बघायचं ते बाई ठरवतील.

अजून रागातच असलेली,

धाकटी